गवा आडवा जाईल एवढं बीळ

एका जंगलात सगळं काही होतं. झाडं होती, ओढा होता, वाघ होता. नव्हती ती फक्त शाळा. त्यामुळे जंगल सुखात होतं, पण आपण सुखात आहोत हे त्याला कळत नव्हतं. ते कळायला शिक्षण लागतं.

मग शाळा आली.

शाळा काढली टिटवीबाईंनी. टिटवीबाई तुम्हाला ठाऊक असतीलच, मुलांनो. त्या रात्री पाय वर करून झोपतात. आभाळ कोसळलंच तर पेलता यावं म्हणून. आता रोज आभाळ पेलणाऱ्या बाईंना लहानसहान गोष्टी दिसत नाहीत, यात त्यांचा काय दोष? त्यांनी ओढ्याकाठच्या उघड्या माळावर शाळा मांडली. भिंती ठेवल्या नाहीत. विषय एकच ठेवला. जे जे रुंद, जे जे लांबवर पसरलेलं, ते ते सांगायचे शब्द.

"आपलं जंगल मागे का आहे?" टिटवीबाईंनी पहिल्याच भाषणात विचारलं. "कारण आपल्याकडे 'मोठं' हा एकच शब्द आहे. वाघही मोठा, वडही मोठा, ओढाही मोठाच. अशाने विस्तार व्हायचा कसा?"

जंगल नेमकं कुणाच्या मागे आहे, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी धावतपळत आपापल्या पोरांची नावं घातली.

वाघोबांनी शाळेसाठी एक नियम करून दिला. शाळेच्या आवारात कुणी कुणाला खायचं नाही. आवाराबाहेर ज्याची त्याची जबाबदारी.

त्याच जंगलात एका करंजाच्या मुळाशी कुसुंबी नावाची उंदरीण राहायची. तिला एकुलती एक मुलगी होती, टिचकी. उंदरांच्यात एकुलती एक मुलगी कशी, असं विचारू नका. बाकीच्यांचं काय झालं ते बोधकथेत सांगत नाहीत.

एवढं मात्र सांगायला हवं की तेव्हापासून कुसुंबीचा जीव कधी थाऱ्यावर नसे. पान पडलं तरी ती दचके. पान पडलं नाही, तर का पडलं नाही म्हणून दचके.

कुसुंबी शिकलेली होती. जंगलाच्या कडेला एक ओसाड डाकबंगला होता. तिथला शब्दकोश तिने लहानपणी 'अ'पासून 'न'पर्यंत कुरतडून संपवला होता. 'प'पासून पुढचं सगळं आधीच वाळवीने खाल्लं होतं. त्यामुळे तिला अफाट, अथांग, ऐसपैस हे शब्द यायचे. प्रशस्त, रुंद, विशाल, व्यापक हे यायचे नाहीत. अरुंद म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. रुंद म्हणजे काय ते नव्हतं. चारचौघींत बोलताना ती 'न'पर्यंत छान बोले आणि मग एकदम गप्प बसे. लोकांना वाटे, किती विनम्र आहे.

आपलं अर्धवट राहिलं, लेकीचं तरी पुरतं व्हावं, एवढीच तिची इच्छा होती.

प्रवेशाच्या दिवशी टिटवीबाईंनी टिचकीला विचारलं, "बाळ, तुमचं घर कसं आहे?"

टिचकीने नाक पुढे केलं आणि दोन्हीकडच्या मिशा ताणून दाखवल्या. "एवढं."

"एवढं म्हणजे?"

"मिशीएवढं."

हे उत्तर बरोबर होतं. उंदरांच्यात मिशीटेकणी असते. बाळाचे डोळे उघडायच्या आधी आई त्याला तोंडात धरून दारात नेते. आधी डावी मिशी दाराला टेकवते, मग उजवी. आत्या आणि मावश्या "टेकली गं, टेकली!" म्हणून ओरडतात आणि सगळ्यांना ज्वारीचा एकेक दाणा मिळतो. बाळाला त्या दिवशी जे कळतं ते जन्मभर पुरतं. मिशी नुसती टेकली तर पुढे जा. दुमडली तर मागे फिर. आणि स्वतःचं दार असं ठेव की तुझी मिशी टेकेल आणि मांजराची दुमडेल.

टिटवीबाईंच्या घराला दारच नव्हतं. त्या उघड्या माळावर अंडी घालत. त्या मान वाकडी करून टिचकीकडे बघत राहिल्या.

"मिशी!" त्या कुसुंबीला म्हणाल्या. "आई, तुम्ही शिकलेल्या वाटता. मिशी हा काय शब्द झाला? तो अवयव झाला. वेळीच लक्ष दिलं नाही तर मूल मागे राहील."

मागे राहील! हे दोन शब्द ऐकले आणि कुसुंबीने टिचकीला जवळ ओढलं. खरं म्हणजे उंदराच्या पोराने मागेच राहावं, पुढे गेलेलं कुणी परत आलं नव्हतं. पण ते त्या क्षणी तिला आठवलं नाही. शेजारी बसलेल्या बाकीच्या आया तिच्याकडे बघत होत्या. त्यांत रानमांजर भुरीही होती. तिचा बोका गब्बू त्याच वर्गात बसणार होता.

"माझ्या गब्बूला 'विशाल' येतं," भुरीमावशी अंग चाटत म्हणाली. मांजर वाघाची मावशी, म्हणून सगळं जंगल तिला मावशीच म्हणे. "घरीच करून घेतलं मी. तुझ्या मुलीचं काय गं, कुसुंबे?"

"तिचं... चालू आहे," कुसुंबी म्हणाली.

टिचकीला कच्चा प्रवेश मिळाला. स्नेहसंमेलनात घराचं वर्णन नीट करून दाखवलं, तर पक्का.

शाळेचा पहिला नियम होता, मिशा मागे. मिशा पुढे ठेवल्या की शेजारच्याला टोचतात आणि विस्ताराला अडथळा होतो. पोरांनी मिशा गालाला चिकटवून बसायचं. घरातही पालकांनी तसंच राहायचं, म्हणजे पोरांना सवय लागते.

टिचकी शब्द शिकू लागली. घरी येऊन ती घोकायची, "प्रशस्त, विस्तीर्ण, व्यापक, विशाल..." आणि घोकता घोकता भिंतीवर आपटायची. मिशा मागे होत्या ना!

"आई," एकदा कपाळ चोळत तिने विचारलं, "ऐसपैस आणि प्रशस्त यांच्यात काय फरक?"

कुसुंबीने अंग चोरलं. एक शब्द तिच्या हद्दीतला होता, दुसरा हद्दीपलीकडचा. "ऐसपैस म्हणजे... पाय पसरून बसता येतं ते."

"आणि प्रशस्त?"

"तिथे पाहुण्यांनाही बसता येत असेल, बहुतेक."

"मग दोन्हींत मिशी कुठे टेकते?"

"कुठेच नाही गं, बाळा. म्हणून तर ते शब्द मोठे."

टिचकीचा बाप दाणोजी कोपऱ्यात दाणे रचत होता. तो म्हणाला, "जिथे मिशी टेकत नाही, तिथे घुबड असतं."

"अहो, तुम्ही गप्प बसा," कुसुंबी म्हणाली. "तुमच्यामुळेच ती मागे आहे."

असं म्हणाली खरी, पण मग दुपारभर तिला दोन भीती आलटून पालटून वाटत राहिल्या. पोर मागे राहिली तर? आणि पोर पुढे गेली तर? एक भीती दाराशी बसे, दुसरी चुलीपाशी. मधे कुसुंबी.

मग टिटवीबाई गृहभेटीला आल्या. आत मावत नव्हत्या, म्हणून त्यांनी बाहेरूनच डोकावून पाहिलं.

"ते पलीकडे काय दिसतंय?"

"मागचं दार, बाई," कुसुंबी म्हणाली. "पळायला."

"पळायला?" टिटवीबाईंनी एक पाय हवेत उचलला. "प्रशस्त घरातून कधी कुणी पळतं का? मुलीच्या मनाची कक्षा कशी रुंदावणार अशाने? आणि हे पुढचं दार! ते जरा मोठं करून घ्या."

बाई गेल्यावर दाणोजीने मुकाट्याने मागच्या दारात माती भरली. मग तो पुढच्या दाराशी आला आणि त्याने पंजे उगारले. "करू का हेही रुंद?"

कुसुंबी बघत राहिली. तिने डावी मिशी दाराला टेकवली. मग उजवी टेकवली. याच दारात तिने टिचकीला तोंडात धरलं होतं.

"उद्या करा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही ती "उद्या करा" म्हणाली. तिला दार रुंद करवेना आणि अरुंद आहे असं सांगवेना. शेवटी तिने मधला मार्ग काढला. दार आहे तसंच ठेवायचं. वर्णन मोठं करायचं. आपण धड जुन्या नाही, धड नव्या नाही, असं तिला वाटलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

स्नेहसंमेलनाला सगळं जंगल जमलं. गब्बूने "आमची ढोली विशाल आहे" असं एका दमात म्हटलं आणि भुरीमावशीने डोळे मिटून शेपटी हलवली.

मग टिचकी उभी राहिली. एवढीशी. मिशा गालाला चिकटवलेल्या.

"आमचं बीळ प्रशस्त आहे," टिचकी म्हणाली. "ते विस्तीर्ण आहे, व्यापक आहे आणि ऐसपैसही आहे. त्याचा आवाका मोठा आहे आणि त्याची व्याप्ती करंजापासून ओढ्यापर्यंत आहे. त्याचं दार लांबरुंद आहे."

इथे पाठ केलेलं संपलं. पण सगळे आ वासून ऐकत होते. टिचकीला थांबवेना.

"दारातून गवा आडवा जाईल!" ती म्हणाली.

माळावर टाळ्यांचा कडकडाट झाला. गवा स्वतः मागे बसला होता. त्यालाही ते पटलं. टिटवीबाईंनी तिथल्या तिथे पक्का प्रवेश जाहीर केला.

कुसुंबीचं काळीज फुलून आलं. डोळे पुसता पुसता तिचं लक्ष भुरीमावशीकडे गेलं. भुरी टाळ्या वाजवत नव्हती. ती मान तिरकी करून विचार करत होती. तिच्या शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

"करंजाखालचंच ना गं तुमचं घर, कुसुंबे?" तिने गोड आवाजात विचारलं.

"हो," कुसुंबी म्हणाली. आणि मग तिला कळलं की आपण काय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिचकी दारासमोर उड्या मारत होती. दाणोजी दाणे आणायला गेला होता. कुसुंबी आत होती. गवतात काहीतरी सरकलं.

"टिचके! आत ये!"

टिचकी वळली. मागून भुरीमावशीने झेप घेतली. टिचकी दारातून आत आली, मिशा मागे असल्यामुळे भिंतीवर आपटली आणि घरंगळत आईच्या पायाशी पडली.

भुरीमावशी दारापाशी पोचली. आता मांजराची रीत अशी की बिळाशी आलं की क्षणभर थांबायचं. मिशा पुढे करायच्या. दुमडल्या तर बाहेरच दबा धरून बसायचं. भुरीच्या आईने, आजीने, पणजीने हेच केलं होतं.

पण भुरीच्या मिशा मागे होत्या. गब्बूला सवय लागावी म्हणून. आणि घर प्रशस्त आहे हे तिने कालच साऱ्या जंगलासमोर ऐकलं होतं. जिथून गवा आडवा जातो तिथे मांजराने कशाला थांबायचं?

ती थांबली नाही. सगळ्या बळानिशी तिने आत मुसंडी मारली.

आणि खांद्यापाशी अडकली.

कुसुंबी टिचकीला पोटाशी घेऊन मागच्या भिंतीला चिकटली. तिथे दार होतं. आता माती होती. समोर भुरीमावशीचं तोंड होतं, जबड्यासकट. तोंड आणि टिचकी यांच्यात एका मिशीचं अंतर होतं. भुरीने जबडा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. पुढे सरकता येईना. मागे सरकायला गेली तर कान अडकले.

तोंडाशी तोंड लावून किती वेळ गप्प बसणार?

"घर छान आहे," भुरी म्हणाली.

"लहान आहे," कुसुंबी म्हणाली. सवयीने.

"काल तर प्रशस्त होतं."

"ते संमेलनात, मावशी."

भुरीने सुस्कारा टाकला. ज्वारीचे दाणे उडाले. "मी पण ढोलीला विशाल म्हणवून घेतलं गं. पावसात निम्मी बाहेर असते मी." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्याकडे 'व्यापक' कसं करून घेतलं? गब्बूला ते येतच नाही."

"ओव्यांच्या चालीवर," कुसुंबी म्हणाली. समोर जबडा होता, पण अभ्यासाचं विचारल्यावर कुठल्या आईला राहवतं? "शांत बसवून नाही होत. उड्या मारता मारता घ्या."

"असं होय. मी गब्बूला सारखी ओरडते ना. मागे राहिला तर काय होईल, या विचाराने मला उंदीरसुद्धा गोड लागत नाही."

"मलाही ज्वारी लागत नाही," कुसुंबी म्हणाली.

टिचकी आईच्या पोटाखालून म्हणाली, "आई, मावशी मला खाणार आहेत का?"

"खाणार आहे, बाळ," भुरी प्रेमाने म्हणाली. "जरा सुटू दे."

एवढ्यात दाणोजी परत आला. घराच्या दाराला शेपटी फुटलेली पाहून तो तीन ताड उडाला. त्याने केलेला आरडाओरडा ऐकून आधी गब्बू आला आणि त्याच्यामागे टिटवीबाई आल्या.

"बाई, काहीतरी करा!" दाणोजी म्हणाला. "दार लहान पडलंय!"

"शक्य नाही," टिटवीबाई म्हणाल्या. "हे घर प्रशस्त असल्याचं काल सिद्ध झालं आहे."

"मग माझी आई अडकली कशी?" गब्बू रडत म्हणाला.

टिटवीबाईंनी भुरीच्या मागच्या बाजूकडे एकदा नीट पाहिलं. "घर प्रशस्तच आहे. तुझी आई जास्त विस्तृत आहे."

"बाई!" आतून भुरीचा आवाज आला.

"ते कौतुक होतं," टिटवीबाई म्हणाल्या. पण याहून पुढे त्यांना काही सुचेना. जे लहान असतं, आखूड असतं, आक्रसलेलं असतं, त्याला त्यांच्या शाळेत शब्दच नव्हता. ज्याला शब्द नाही ते त्यांना दिसत नव्हतं. त्या दाराभोवती फेऱ्या मारत राहिल्या.

आत कुसुंबीला मात्र तो शब्द येत होता. तो 'अ'मध्येच होता.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "दार अरुंद आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही आत्ता जशा आहात ते."

भुरीने ते शरीरभर समजून घेतलं. "मग सोडव ना मला."

कुसुंबीने मागच्या बुजवलेल्या दाराकडे पाहिलं. भुरी अडकून राहिली तर आपणही अडकलो. ती सुटली तर टिचकी गेली. तिने टिचकीला आणखी घट्ट धरलं.

"आधी शपथ घ्या. आज टिचकीला खाणार नाही."

"वाघाची शपथ."

"वाघ तुमचा भाचा. भाच्याची शपथ कोण पाळतं, मावशी?"

बाहेर गब्बू "आई, आई" करत होता.

"गब्बूची शपथ," भुरी शेवटी म्हणाली. "पण आजच्यापुरतीच हं. उद्याचं मला विचारू नकोस. मलाही घर आहे."

आईने घेतलेली मुलाची शपथ कुसुंबीला पटली. ती दोन पावलं पुढे गेली, जबड्याच्या अगदी जवळ. तिने भुरीच्या गालाला चिकटलेल्या मिशा एकेक करून पुढे ओढल्या.

"आता सांगा, कुठे टेकतात?"

"डावीकडे दुमडतात."

"मग मान उजवीकडे करा. श्वास सोडा. आता?"

"आता... नुसत्या टेकतात."

"मागे या, मावशी. हळू. अहो, शेपटी ओढा!"

बाहेरून दाणोजीने आणि गब्बूने शेपटी ओढली. भुरीमावशी बुचासारखी फट्‌कन बाहेर आली. तिने अंग झटकलं, टिचकीकडे एकदा पाहिलं, शपथ आठवली आणि गब्बूला तोंडात धरून निघून गेली. "उड्या मारता मारता म्हण, व्यापक," असं ती त्याला सांगत होती. तोंडात गब्बू असल्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही.

आता शाळा बंद पडली असेल, असं तुम्हाला वाटलं ना, मुलांनो? तुम्ही फार वाचता.

टिटवीबाईंनी दुसऱ्याच दिवशी माळावर जाहीर केलं, की आमच्या विद्यार्थिनीने नुसत्या वर्णनाने मांजर अडवलं. जंगलाने विचार केला. बाई खोटं बोलत नव्हत्या. प्रवेशासाठी ओढ्यापलीकडून पोरं येऊ लागली. सशांनी आपल्या झुडपाला राजवाडा म्हणायला सुरुवात केली. गव्याला मात्र प्रवेश मिळाला नाही. त्याच्याकडे घर नव्हतं आणि तो तसं सांगत होता.

कुसुंबीने दाणोजीकडून मागचं दार उकरून घेतलं. मग टिचकीला पुढच्या दारात नेलं. ती आता तोंडात मावत नव्हती, तरी मानगुटीला धरून नेलं. डावी मिशी टेकवली. उजवी टेकवली. आत्या-मावश्या नव्हत्या, म्हणून स्वतःच "टेकली गं, टेकली" म्हणाली.

"टिचके, आपलं घर कसं आहे?"

"मिशीएवढं."

"आणि बाहेर कुणी विचारलं तर?"

"गवा आडवा जाईल एवढं!"

"शाब्बास," कुसुंबी म्हणाली. आणि मग बराच वेळ ती दारात बसून राहिली. आपण पोरीला चांगलं शिकवलं की वाईट, हे तिला कळेना. तिने मिशा पुढे करून पाहिल्या. त्या कशालाच टेकत नव्हत्या.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं, असं तुम्हाला कुणीतरी शिकवलं असेल. त्यांच्या दाराशी मांजर आलेलं नसावं. घर आपल्या मापाचं असावं आणि त्याचं वर्णन मांजराच्या मापाचं. मात्र आपणच केलेलं वर्णन ऐकून मागचं दार बुजवू नये.